जलरक्षक दलाची रजा-नियमावली

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार

आज सकाळी साडेनऊ वाजता, चाळीस घरे, एक कडुलिंब आणि शून्य नळ एवढी संपत्ती असलेल्या बीड बायपासलगतच्या 'निसर्ग विहार' ह्या आमच्या वसाहतीत जलरक्षक दलाची स्थापना झाली आणि मी, दत्तोपंत, वय वर्षे चोपन्न, त्याचा समादेशक झालो. इतिहासाची गैरसोय होऊ नये म्हणून ही दैनंदिनी.

पार्श्वभूमी अशी. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आले, पाणी मात्र मागेच राहिले. आम्ही टँकरवर जगतो. गेल्या मंगळवारी पलीकडच्या वसाहतीतील शूरांनी आमचा टँकर वळणावरच अडवून रिकामा केला. झटापटीत एका गृहस्थाचा चष्मा फुटला, एका गृहिणीची घागर फुटली; उरलेल्यांना कंठ फुटला, तोही टँकर गेल्यावर. सबब, यापुढे प्रत्येक घरातून एक जलरक्षक, वळणावर पहारा, हौदावर रांग, साडेसहाला हजेरी, खाकी टोपी आणि शिट्टी.

समादेशकपदासाठी प्रथम कडुबांचे नाव आले होते. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. परंतु दलाची घटना कोण लिहिणार, असा प्रश्न मी उपस्थित केला आणि सभेत शांतता पसरली. ते उपसमादेशक झाले.

समादेशक कोणत्याही एका घराचा नसतो, ह्या तत्त्वानुसार आमच्या घरातर्फे सौ. पद्मजा भरती झाली. क्रमांक सतरा. तिने टोपी घेतली, बोलली काही नाही. ही संमती समजण्यात येते.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

दलाचा प्राण शौर्यात नसतो, हजेरीत असतो. शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सत्तावीस वर्षे माझ्याकडे रजेचेच टेबल आहे. मनुष्यप्राणी कोणकोणत्या मिषाने कामावरून निसटतो, ह्याचा माझ्याइतका व्यासंग जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसावा. एकाच लिपिकाचे एकच आजोबा तीनदा वारल्याची नोंद माझ्या संग्रही आहे.

आज तेरा कलमी रजा-नियमावली सिद्ध झाली. अर्ज लेखी, तीन प्रतींत, अठ्ठेचाळीस तास आधी. कारण सुस्पष्ट. कालावधी सात दिवसांहून अधिक नाही. बदली राहणाऱ्याची स्वाक्षरी अर्जावरच असावी. रजेवर जाणाऱ्याने शिट्टी जमा करावी, कारण शिट्टी व्यक्तीची नसून कर्तव्याची असते. कलम अकरा : समादेशकाच्या अनुपस्थितीत उपसमादेशकाचा निर्णय अंतिम व अपरिवर्तनीय राहील. हे कलम केवळ मसुद्याच्या तोलासाठी घातले आहे. मी अनुपस्थित राहत नाही.

कडुबांनी कागद उलटसुलट करून परत दिला. "पंत, फौजेत बी एवढं नव्हतं."

"तिथे शत्रू बाहेर असतो," मी म्हणालो.

"अन् इथं?"

उत्तर देणे पदाला शोभले नसते.

६ मार्च, रविवार

सरूबाईंचे प्रकरण निकाली निघाले. घर क्रमांक बावीस, वय साठीच्या पुढे, माहेर सोयगावकडचे. तिकडे त्यांचा भाऊ वारला आणि त्या हजेरीच्या रांगेत येऊन तोंडी रजा मागू लागल्या. मी लेखी मागितली. सुनेकडून लिहवून आणली, ती एकाच प्रतीत. मी आणखी दोन प्रती आणि मृत्यूचा दाखला मागितला.

"दाखला?" सरूबाई म्हणाल्या. "माणूस गेलाय, साहेब. त्यालाच इचारून येऊ का, दाखला कुठं ठिवलाय म्हणून?"

रांगेत हशा पिकला. हशा हे कारण नियमावलीत नाही. कागद पूर्ण होईपर्यंत तिकडे दहावा उरकला होता. त्या तेराव्याला पोहोचल्या. आज परत आल्या, शिट्टी उचलली आणि माझ्याकडे न पाहता वळणाकडे चालू लागल्या. शिस्त रुजत आहे.

१३ मार्च, रविवार

आज हजेरीनंतर क्रमांक सतराने रजेचा अर्ज सादर केला. घरी, चहाबरोबर, देता आला असता. तिने रांगेत उभे राहून दिला, तीन प्रतींत. ठिकाण : पुणे. कालावधी : चाळीस दिवस. कारण : मुलीचे बाळंतपण.

खुलासा असा. आमची कन्या वैदेही पुण्यात असते, एप्रिलच्या मध्यास तिचे दिवस भरतात. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण जिथे दर तिसऱ्या दिवशी दोन पिंप पाणी येते, तिथे बाळंतीण आणि बाळ ठेवायचे कसे, असा पद्मजेचा मुद्दा. म्हणून ह्या खेपेस माहेरानेच उठून सासरी जावे, असा तिचा प्रस्ताव. नियमात सात दिवस आहेत. समादेशकाच्या पत्नीला चाळीस दिले तर उद्या हौदावर मी आणि माझी टोपी दोघेच उरू. नामंजूर.

दुसराही एक खुलासा आहे, इतिहासाने तो गाळल्यास हरकत नाही. कन्येने दीड वर्षापूर्वी देवगाव रंगारीच्या एका शेतकरी घराण्यातील सुदर्शन नामक अभियंत्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. कुळ, आडनाव आणि पित्याची संमती ह्या तिन्ही रकान्यांवर काट मारून. मी उपस्थित नव्हतो. त्या दिवशी कार्यालयात माझी रजा शिल्लक नव्हती.

१६ मार्च, बुधवार

क्रमांक सतराकडून आज सहा अर्ज. प्रत्येकी सात दिवस, तारखा एकापुढे एक, प्रत्येक तीन प्रतींत. अक्षर सुवाच्य, समास सुबक, त्रुटी एकही नाही. सत्तावीस वर्षांत असा अर्ज कोणी माझ्या टेबलावर ठेवला नाही. मनात दाद दिली आणि लागून येणाऱ्या रजा एकच रजा समजल्या जातील, ह्या कलमान्वये सर्व फेटाळले.

रात्री ताट वाढलेले होते, वाढणारी दाराशी उभी होती.

"हे कलम चौदा कालपर्यंत नव्हतं."

"नियम सजीव असतात."

"ह्या घरात तेवढेच असतील," ती म्हणाली आणि आत गेली. वरणात मीठ नव्हते. योगायोग असावा.

२७ मार्च, रविवार

आज हजेरीला बंडसदृश प्रसंग घडला. पद्मजेने तिसऱ्यांदा अर्ज दिला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी : प्रसूती लवकर होण्याचा संभव, घरी मोठे माणूस असावे. बदली म्हणून सरूबाईंचा अंगठा. मी कालावधीकडे बोट दाखवले.

कडुबा रांगेतून पुढे आले. "पंत, मी सियाचीनला व्हतो तवा पोरगी झाल्याची खबर आली. आमच्या साहेबानं अर्ज नाय बघितला. म्हणला, कडुबा, हेलिकॉप्टर निघालंय, बस त्याच्यात."

"त्यामुळेच सैन्याचा खर्च वाढतो."

कोणी हसले नाही. तेवढ्यात पद्मजेने टोपी काढली आणि शांतपणे, जणू हजेरीच घेत आहे अशा आवाजात म्हणाली, "समादेशकांच्या कार्यालयीन खात्यावर तीनशे दिवसांची अर्जित रजा आहे. तीनशेच्या वर साठत नाही म्हणून तीनशे. लग्नाच्या दिवशीही तेवढीच होती."

सबंध रांग माझ्याकडे पाहत होती. मी शिट्टी वाजवली. टँकर आलेला नव्हता.

३ एप्रिल, रविवार

घरात भाषण बंद आहे. व्यवहार चिठ्ठ्यांनी चालतो. 'गॅस संपत आला.' 'नोंद घेतली.'

कपाटात माझे जुने धोतर शोधत होतो. त्याची चार दुपटी झालेली सापडली, कडेने बारीक धावदोरा. विनापरवानगी. धोतर लग्नातले, धुऊन धुऊन मऊ पडलेले. तान्ह्या अंगाला तेच चांगले, असे माझी आई म्हणत असे. वैदेहीची दुपटी तिनेच शिवली होती.

मंजूर केले असते तर काय बिघडले असते, हा प्रश्न आज दोनदा मनात आला. दोन्ही वेळा मी त्याच्याकडे लेखी अर्ज मागितला. दुपटी होती तशी घडी घालून ठेवली.

९ एप्रिल, शनिवार

हे शांतपणे लिहिण्याचा प्रयत्न करतो.

टँकरवाला वाटेत अर्धे पाणी दुसरीकडे ओततो, अशी माझी पक्की शंका होती. म्हणून आज पहाटेच उठून, कोणासही न कळवता, पाणी भरण्याच्या विहिरीवर गुप्त निरीक्षणासाठी गेलो. कळवले असते तर ते गुप्त राहिले नसते. बाभळीच्या झुडपाआड अडीच तास बसलो. टँकर काठोकाठ भरला, झाकण लागले, तो सरळ आमच्या रस्त्याला लागला. चालकाने जाताना मला हात केला. पायात तीन काटे घेऊन साडेदहाला रिक्षाने परतलो.

घराला कुलूप. किल्ली सरूबाईंनी आणून दिली, म्हणजे उंबऱ्यावर ठेवली. आत मेजावर शिट्टी, तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली : 'क्र. १७, जमा.' शेजारी दलाची हजेरीवही उघडी. कडुबांच्या हातचे, तांबड्या शाईत : 'समादेशक – बिगर अर्ज गैरहाजीर.' त्याखाली : 'क्र. १७, चाळीस दिवस, मंजूर. कलम ११ परमाने. कडुबा.'

दुपटी कपाटात नाहीत.

१० एप्रिल, रविवार

कडुबांना भर हजेरीत पदच्युत केले. आरोपपत्र दीड पानी होते.

"कलम अकरा तुम्हीच लिवलंय, पंत," ते म्हणाले. "अपरिवर्तनीय. मला त्याचा अर्थ सुनेला इचारावा लागला."

"अर्थ कळल्यावर तरी लाज वाटायला हवी होती."

"वाटली ना. महिनाभर उशीर केला म्हणून वाटली." त्यांनी टोपी काढून हौदाच्या कठड्यावर ठेवली, सलाम ठोकला आणि घरी गेले. सलाम निर्दोष होता, त्यामुळे अधिकच लागला.

१७ एप्रिल, रविवार

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भ्रमणध्वनी वाजला. क्रमांक सुदर्शन यांचा. तो मी कधी नोंदवून ठेवलेला नाही, परंतु ओळखतो. उचलला नाही. मग संदेश आला : 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.'

संदेश वाचल्याची खूण पलीकडे उमटते, हे मला ठाऊक नव्हते.

२० एप्रिल, बुधवार

हजेरीला एकही जलरक्षक नाही. हौदाच्या कठड्यावर, कडुबांच्या टोपीखाली दाबून, एकोणचाळीस अर्ज. तीन प्रतींत, अठ्ठेचाळीस तास आधीच्या तारखेचे, सात दिवसांचे. स्वाक्षऱ्या, अंगठे यथास्थित. बदली म्हणून प्रत्येकाने एकच नाव घातले होते : माझे. कारणाच्या रकान्यातही एकच शब्द होता : समादेशक.

वळणावर एकटा उभा राहिलो. टँकर आला. पलीकडच्या वसाहतीतले सात-आठ जण मोटारसायकलींवर आले. मी शिट्टी फुंकत राहिलो. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, बस करो, हमारे कान का पानी सूख गया," आणि टँकर वळवून नेला. आमच्या गच्च्यांवरून सगळे पाहत होते. एकोणचाळीस घरांनी आज माझ्यापायी तहान पत्करली. इतका द्वेष मी नुसत्या तेरा, म्हणजे चौदा, कलमांत मिळवला, हे कर्तृत्वच म्हणावे लागेल.

२४ एप्रिल, रविवार

पुन्हा सुदर्शन यांचा संदेश. ह्या खेपेस शब्द नाही, छायाचित्र. एवढेसे तांबडे तोंड, मूठ हनुवटीखाली, डोळे मिटलेले, एकंदरीत माझ्या कार्यालयातील अधीक्षकांसारखी दिसते. गुंडाळलेल्या दुपट्याला बारीक तांबडी किनार आहे. माझ्या धोतराची.

पद्मजेला दूरध्वनी केला. तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला.

"पाणी येतं का?" तिने विचारले.

"नाही." मग म्हणालो, "मी तिकडे यावे म्हणतो."

"मी कशी सांगू? घर वैदेहीचं आहे. विचारते." पलीकडे बाळ रडल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. पद्मजा परत आली. "ती म्हणते, अर्ज करा. लेखी. कारण सुस्पष्ट."

२६ एप्रिल, मंगळवार

प्रथम मसुदा : 'नवजात दौहित्रीच्या मुखावलोकनार्थ दोन दिवस आगमनाची अनुज्ञा मिळावी.' संदेशाने पाठवला. अर्ध्या तासात परत आला : 'कारण कळले नाही. त्रुटी दूर करून फेरसादर करावे.' टेबलाची भाषा तिने लहानपणीच उचलली होती. शाळेला दांडी मारायची असली की माझ्याच नमुन्यात अर्ज लिहून आणत असे आणि मी तो मंजूर करत असे.

दुसरा मसुदा : 'पितृकर्तव्याच्या परिपूर्तीस्तव.' उत्तर : 'हे कर्तव्य ११ सप्टेंबर २०१४ रोजी कुठे होते?'

ती विवाहाची तारीख. त्या दिवशी मी टेबलावर बसून दुसऱ्यांच्या नऊ रजा मंजूर केल्या होत्या.

तिसरा मसुदा लिहायला संध्याकाळ झाली. 'तुझ्या लग्नाला मी मुद्दाम आलो नाही. रजा होती. तुझ्या आईलाही त्याच रागाने अडवले, नियम नंतर शोधले. मला बाळ पाहायचे आहे आणि तू बोलणार असलीस तर तुझ्याशी बोलायचे आहे.'

पाठवले. वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही.

२८ एप्रिल, गुरुवार

उत्तर आले. 'रविवारी निघावे. सोमवार आणि मंगळवार, दोन दिवस मंजूर. सुदर्शन स्टँडवर घ्यायला येईल, त्याच्याशी नीट बोलावे लागेल. बदली तुमची तुम्ही बघा. शिट्टी आणू नये.'

२९ एप्रिल, शुक्रवार

कार्यालयात अर्ज दिला. अर्जित रजा, दोन दिवस. माझ्या रजेचा अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा, हे कोणालाच माहीत नव्हते. शेवटी माझ्याच ठेवला, मीच टिपणी लिहिली आणि अधीक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "दत्तोपंत, कोणी वारलं का?"

"नाही," मी म्हणालो. "जन्मलं."

३० एप्रिल, शनिवार

बदलीसाठी घरोघर फिरलो. काही दारे उघडली नाहीत. काही उघडून मिटली. एका दारातून विचारणा झाली, की समादेशकांनी प्रसूतीचा दाखला जोडला आहे काय. माझ्या भाषेचा वसाहतीवर एवढा संस्कार झाला असेल, अशी कल्पना नव्हती. अठ्ठावीस घरे झाली.

सरूबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या. मी उभा राहिलो. त्यांनी बसा म्हटले नाही.

"सुनेनं सांगितलं, तुमाला नात झाली."

"होय."

"कागद आणलाय?"

मी अर्ज पुढे केला, तीन प्रती. त्यांनी सूप बाजूला ठेवले. "माझा भाऊ गेला तवा तुम्ही मला दाखला मागितला. त्याचं तोंड बी दिसलं नाय मला. दहा दिस कागदं गोळा करीत बसले." आवाज चढलेला नव्हता. "मी नाय मागत तुमाला कायबी. आणा हिकडं."

शाईची डबी त्यांच्याकडेच होती. तिन्ही प्रतींवर अंगठा उमटवला, नीट, रकान्याच्या आत. मग बोट पदराला पुसत म्हणाल्या, "दोनच दिस? वाढवून मागा की. आमाला बी जरा बरं वाटंल."

क्षमा मागावी असे शब्द जुळवत होतो, सगळे तत्सम निघाले. "चुकलं," एवढेच म्हणालो. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढले. ही संमती समजू नये, एवढे मलाही कळले.

१ मे, रविवार

पिशवी भरून सकाळी कडुबांकडे गेलो. हजेरीवही आणि टोपी त्यांच्यापुढे ठेवली, गळ्यातली शिट्टी काढून वर ठेवली. अडीच महिने ती गळ्यात होती. मानेवर दोऱ्याचा वळ उमटला आहे.

"हे काय?" कडुबा म्हणाले.

"जमा. तुमची पदच्युती रद्द. आदेश लेखी आहे."

"लोक उद्यापास्नं येतील हौदावर. मी सांगितलंय. तुमच्यासाठी नाय, पाण्यासाठी." त्यांनी मला बसायला सांगितले नाही. वही उघडली, चष्मा लावला, माझे नाव शोधले. त्यापुढच्या तांबड्या शेऱ्यावर थोडा वेळ बोट ठेवले, पण तो खोडला नाही. मग आजच्या तारखेखाली, सावकाश, निळ्या शाईत एक शब्द लिहिला : 'छुट्टी.' परतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवला.

दलाच्या नियमावलीत त्यासाठी 'रजा' हा शब्द निश्चित केलेला असून रकाने कोरे ठेवण्यास कलम सात अन्वये मनाई आहे. मी ते निदर्शनास आणले नाही. पुण्याची बस दहाला होती.